मावळतीकडच्या पावठ्या

उगबेऱ्यात खड्डा म्हटला की इयोहा. कुणी मेलं की पहिलं बोलावणं रडणाऱ्या बायांना जायचं आणि दुसरं इयोहाला. संडासाचा खड्डा असो, पावसाचं पाणी साठवायचा हौद असो, नाहीतर थडगं असो, त्याच्या हातच्या खड्ड्याच्या भिंती ओळंबा सोडावा तशा सरळ उतरायच्या. माती टाकायचीही त्याची एक रीत होती, बापाकडून आलेली. थडगं खणताना माती मेलेल्याच्या घराच्या अंगाला टाकायची. चार माणसं मिळून काही खणायला लागली तरी माती आपल्या दाराच्या अंगालाच जाते, हे तो डोळे मिटून सांगायचा. परक्याच्या दाराला माती टाकणं म्हणजे त्याला मेलेला म्हणणं. तेवढ्यावरून डोकी फुटलेली त्यानं पाहिली होती. त्यातली दोन त्यानंच फोडली होती.

हाताला तो जितका सरळ, डोक्यानं तितकाच तिरका. बाजारात कोनफळांच्या ढिगाला पाय लागला म्हणून त्यानं एकाच्या कानाची पाळी दातानं तोडली होती, आणि थुंकून खारट हाय म्हणाला होता. अंगावर चिखल उडवला म्हणून एकाची मोटारसायकल संडासाच्या खड्ड्यात ढकलली होती. खड्डा नवा होता, अजून कुणी बसलं नव्हतं, म्हणून ते प्रकरण हसण्यावारी गेलं. आधी मारायचं आणि मग कशाबद्दल ते विचारायचं, असा त्याचा हिशेब. बायको एसोहे म्हणायची, ह्याचे हात ह्याच्या कानांच्या आधी जन्मलेत.

उगबेरा उगवतीला, इदुनेकी मावळतीला, आणि मधून जुना चर. त्या मुलखात अशा चराला इया म्हणतात. रानात तो दोन पुरुष खोल आहे, पण दोन्ही गावांच्या शेतांमधून जाताना पार बुजून नुसती घळ उरली होती. घळीत ओल टिकते, म्हणून तेलताडाची झाडं तिथं अशी माजलेली, की एका घडाला दोन माणसं लागावीत. रीत अशी होती, की चर ज्यांनी खणला त्यांचा चर, त्यातली झाडं त्यांची, आणि चराच्या पल्याडची वीस पावलंही त्यांची. खणणाऱ्यानं काढलेली माती आपल्या अंगाला टाकून बांध घातलेला असायचा. म्हणजे बांध कुठल्या अंगाला एवढं बघितलं की झालं. पण बांधच नव्हता. गोऱ्यांच्या काळात रस्त्याच्या भरावाला तो पाट्यांनी वाहून नेला होता. उगबेऱ्याचे म्हातारे म्हणायचे बांध उगवतीला होता, इदुनेकीचे म्हणायचे मावळतीला. म्हाताऱ्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?

एकोणीस वर्षांमागं उगबेऱ्याची माणसं घळीत घड उतरवायला गेली, आणि इदुनेकीवाले कोयते घेऊन आले. पहिला वार कुणी केला त्यावर अजून भांडण आहे, दुसरा इयोहानं केला. समोरच्या माणसाचा हात कोपरापासून लोंबायला लागला. मग घळीत जे झालं ते माणसांनी माणसांना खाटकासारखं कापणं होतं. ताडाच्या लाल फळांवर रक्त सांडलं तर वेगळं दिसत नाही, म्हणून मागाहून बायका फळं वेचायला गेल्या आणि त्यांच्या टोपल्यांत बोटं आली. इदुनेकीचे तीन मेले, उगबेऱ्याचे दोन.

शेजारच्या गावांतली जाणती माणसं मध्ये पडली. म्हणाली, शपथेवर सोडा. उगबेऱ्याच्या एका माणसानं चरातली माती दारूतून गिळायची, लोखंडाच्या देवाला, ओगुनला, हात लावायचा आणि चर आपल्या आज्यांनी खणला असं म्हणायचं. कोनफळाच्या तीन सुगीपर्यंत त्याच्या घरात कुणी मेलं नाही तर चर उगबेऱ्याचा. मेलं, तर इदुनेकीचा.

शपथ घ्यायचा मान गावच्या सगळ्यात थोराचा. उगबेऱ्याचा थोर म्हणजे ओबोझुवा म्हातारबा. त्या दिवशी सकाळीच त्याला हगवण लागली. त्याच्या खालोखालच्याचा गुडघा धरला. तिसऱ्याला मेव्हण्याच्या गावी तातडीनं जावं लागलं. आजारी म्हातारबा चटईवर पडल्या पडल्या म्हणाला, इयोहाला बसवा. खणणारा माणूस हाय, खणल्याबद्दल त्यानंच बोलावं.

इयोहाला ते पटलं. बापानं त्याला लहानपणी सांगितलं होतं, की चर आपल्या आज्यांचा, आणि बापानं कधी खड्ड्याचं मोजमाप चुकवलं नव्हतं. एसोहे तेवढी आडवी आली होती.

"तोंड तुझं हाय, पण पोर दोघांचं हाय," ती म्हणाली होती.

त्यानं तिला ढकलून बाजूला केलं, माती गिळली, ओगुनच्या लोखंडाला हात लावला आणि मोठ्यानं म्हणाला, माझ्या आज्यांनी हा चर खणला नसंल तर माझ्या कमरेतनं आलेलं जमिनीवर उभं राहू नये.

त्याच्या कमरेतून आलेलं एकच होतं. इझिलेन, वीस वर्षांचा.

दुसऱ्या सुगीच्या तोंडावर इझिलेन घळीतल्या तेलताडावर चढला असताना कमरेचा दोर तुटला. पडताना कोयता त्याच्या हातात होता, आणि पडला तो कोयत्यावर. इयोहा पोचला तेव्हा पात्याचं टोक पाठीतून वर आलेलं होतं आणि त्यावर माशी बसली होती. त्यानं आधी माशी मारली. मग पोराला उचलला.

इदुनेकीवाल्यांनी ढोल वाजवले. शपथ लागली, चर आमचा. उगबेऱ्यानं बोंब मारली, की शपथ नाही, खून आहे. दोर चढणारे झाडाखालीच ठेवून जातात, रात्रीतून कुणीतरी तो अर्धा कापून ठेवला. आणि कुणीतरी म्हणजे ओडिगिए, दुसरा कोण? ओडिगिए इदुनेकीचा शिकारी, त्याचा रोज घळीतून रस्ता. इयोहानं दोराचं टोक उलटसुलट करून पाहिलं. एका बाजूला तंतू पिंजलेले, दुसऱ्या बाजूला सरळ. सरळ म्हणजे कापलेलं, असं त्यानं ठरवलं. पुढच्या बाजाराला तो फावडं घेऊन गेला. ओडिगिए उकिडवा बसून रानडुकराचं मांस विकत होता. इयोहानं एक शब्द विचारला नाही. फावड्याची कड त्याच्या उजव्या गुडघ्यात घातली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा वाटी बाजूला सरकली तेव्हा थांबला. वीस माणसांनी मिळून त्याला आडवा केला.

सहा वर्षं तुरुंगात गेली. तिथंही त्याला खड्डेच खणायला लावले. सुटून आला तो दोर घेऊन बसला. दोर त्यानं छपराच्या वाशाला बांधून ठेवला होता, आणि बारा वर्षं जवळजवळ रोज तो त्याचं टोक चाचपून बघायचा. चर उगबेऱ्याचा असेल, तर त्याची शपथ खरी होती आणि पोर ओडिगिएनं मारलं. चर इदुनेकीचा असेल, तर पोराला त्यानं आपल्या जिभेनं मारलं आणि एका निरपराध माणसाचा पाय फुकट मोडला. मधलं काही नव्हतं. दोर बोलत नव्हता.

चराच्या मालकीचा खटला तेवढ्या वर्षांत कोर्टात लोळत होता. शेवटी एका न्यायाधीशानं सांगितलं, माणसांना विचारून झालं, आता मातीला विचारा. म्हणून बेनिन शहराहून डॉक्टर अबिएयुवा आल्या. जुनं खणून बघणं हा बाईंचा धंदा. डॉक्टर म्हटल्यावर पहिल्या दिवशी उगबेऱ्याच्या चार बाया ताप आलेली लेकरं घेऊन त्यांच्या दारात बसल्या. बाई म्हणाल्या, मी मातीची डॉक्टर आहे. एक म्हातारी म्हणाली, मग मेल्यावर येते.

बाईंना दोन्ही गावचं एकेक माणूस हवं होतं, म्हणजे मागाहून कुणी बोंब मारायला नको. उगबेऱ्यानं इयोहा दिला. इदुनेकीनं ओडिगिए दिला. त्याला उभं राहून खणता येत नव्हतं, म्हणून तो घळीच्या काठाला तिवईवर चाळण टांगून बसायचा आणि इयोहानं वर दिलेली माती चाळायचा. मांडीवर ठासणीची बंदूक आडवी. बाई म्हणाल्या, बंदूक कशाला? ओडिगिए म्हणाला, पक्षी येतात.

तीन आठवडे ते असं चाललं. बाईंनी घळीला आडवा छेद घेतला होता, चार हात रुंद, दोन्ही काठांच्या दहा दहा पावलं बाहेरपर्यंत. इयोहा आधी फावड्यानं, मग थापीनं, थर थर उतरत होता. पहिल्या दिवशी बाईंनी त्याला थापी कशी धरायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना दाखवलं, की वाळलेल्या भिंतीवर ओलं फडकं झटकलं की मातीचे रंग कसे वेगळे होतात. त्या दिवसापासून बाई त्याला इयोहाकाका म्हणायला लागल्या.

ओडिगिएची जीभ मात्र त्याच्या पायासारखी मोडलेली नव्हती. पाटी वर आली की तो म्हणायचा, "ह्यात तुझा आजा न्हाई सापडला, खालच्या पाटीत बघ."

इयोहा खालून म्हणायचा, "तू चाळत बस. तेवढंच तुला जमतं."

"तेवढंच जमावं अशी तजवीज तूच करून ठेवलीस की."

मग पुढची पाटी वर यायची.

दुसऱ्या आठवड्यातच इयोहाला भिंतीत दिसायला लागलं होतं. तळाशी जी पहिली माती साचली होती ती दोन्हीकडून सारखी नव्हती. मावळतीच्या अंगाकडून लाल मातीच्या जाड जाड पाचरी तिरप्या घसरून आल्या होत्या, आणि उगवतीकडं निमुळत्या होत गेल्या होत्या. उघड्या थडग्यावर पाऊस झाला तर कुठल्या अंगाची माती आधी आत येते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? ढिगाऱ्याच्या अंगाची. त्यानं स्वतःला समजावलं, की त्या वर्षी पाऊस मावळतीकडून झोडपत असेल. बाई म्हणायच्या, तळ लागेपर्यंत बोलायचं नाही.

तळ लागला त्या दिवशी बाई दुपारीच बेनिनला गेल्या. भिंतीचं चित्र काढायला मोठा कागद हवा होता, एक दिवस सोडून सकाळी येते म्हणाल्या. इयोहा एकटाच खाली राहिला. चराची मावळतीची मूळ भिंत साफ करता करता थापी एका जागी आत रुतली. तिथली माती मऊ होती. त्यानं बोटांनी कोरली. आत पाय मावेल एवढी खाच निघाली, खालची कड झिजून गुळगुळीत झालेली. तिच्या वर दीड हातावर दुसरी. तिच्या वर तिसरी. पावठ्या होत्या. पाटी डोक्यावर घेऊन चरातून वर चढायला खणणाऱ्यांनी पाडलेल्या. असल्या त्यानं जन्मभर आपल्या प्रत्येक खड्ड्यात पाडल्या होत्या, आणि नेहमी त्याच भिंतीत, जिच्यावर माती टाकायची.

तो उगवतीच्या भिंतीकडं वळला. ती त्यानं तळापासून काठापर्यंत बोटं घालून बघितली, नखं फुटेपर्यंत. कुठंच काही नव्हतं. मग त्यानं ओली माती कालवली आणि मावळतीच्या पावठ्या लिंपून टाकल्या. वर ओडिगिए चाळण खाली उतरवत होता.

"आज लई उशीर?" त्यानं विचारलं.

इयोहा फावडं खांद्यावर टाकून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता, गाव रिकामं. भर दुपारी ओबोझुवा म्हातारबाचा थोरला, ओकोसुन, पाच जणांना घेऊन इयोहाच्या पडवीत आला. ओकोसुन गावच्या तरण्यांचा म्होरक्या, चाळिशी उलटली तरी तरणाच म्हणवून घ्यायचा. दारूची बाटली पुढं ठेवली. बायकोची, पाठीची, पावसाची चौकशी झाली. मग म्हणाला, की उद्या बाई चित्र काढायच्या आत ती भिंत पडली पाहिजे. मोठ्ठी पडली पाहिजे, दोन्हीकडची. काकानं खाली उतरून मुळाशी चार फावडी मारावीत, म्हणजे आपोआप ढासळल्यासारखं दिसेल.

इयोहानं विचारलं, भिंतीत काय हाय ते तुला कुणी सांगितलं? म्या तर माझ्या बायकोलाबी सांगितलेलं न्हाई.

"त्यात काय सांगायचं काका," ओकोसुन हसला. "आबानं ल्हानपणी सोताच्या डोक्यावर पाट्या वाहिल्यात त्या बांधाच्या, रस्त्याला. मावळतीलाच होता बांध. जुन्या समद्यांना ठावं हाय."

इयोहानं पेला खाली ठेवला. "मग शपथंला मला कशापायी बसवला?"

ओकोसुननं इतरांकडं पाहिलं. त्याला वाटलं, हे काकाला एव्हाना कळलेलं असणार. "तुला ठावं नव्हतं म्हणूनच की. जाणत्यानं खोटी शपथ घेतली तर माती चावती. अजाण माणूस खरं समजून बोलतो, त्याला चावत न्हाई. आबानं लई इचार करून तुजं नाव काढलं होतं."

"चावली की," इयोहा म्हणाला.

त्या पाच जणांपैकी दोघे उठून उभेच राहिले, कारण इयोहाचे हात काय करतात हे त्यांना माहीत होतं. पण इयोहानं हात उचलला नाही. त्यानं प्रत्येकाचा पेला पुन्हा भरला, म्हणाला बघतो, आणि ते गेल्यावर फावड्याला धार लावत बसला. एसोहे दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

सकाळी बाई आल्या, कागद फळीला लावला, दोरी ताणली. ओडिगिए तिवईशी येऊन बसला. इयोहा आधीपासूनच छेदात उभा होता. भिंत उभीच आहे हे ओकोसुनला कळायला फार वेळ लागला नाही. तो त्याच पाच जणांना घेऊन आला. चौघांकडं कोयते, दोघांकडं पहारी. बाईंची फळी त्यानं पायानं उडवली. बाई मध्ये आल्या तर त्यांना खांद्याला धरून ताडाच्या बुंध्यावर आदळलं.

"काका, वर ये," ओकोसुन काठावरून म्हणाला.

"तूच ये खाली," इयोहा म्हणाला.

पहिला जो उतरला त्याच्या नडगीत फावड्याची कड बसली आणि तो खाली येण्याआधीच ओरडायला लागला. दुसऱ्यानं वरून पहार फेकली, ती इयोहाच्या बरगडीला लागून गेली. तिसरा पाठीमागून उतरला आणि कोयता चालवला. इयोहानं डावा हात वर धरला, करंगळी आणि शेजारचं बोट तळाच्या चिखलात पडलं. त्यानं फावड्याचा दांडा त्या माणसाच्या तोंडात घातला, दात फुटून त्याच्याच घशात गेले, आणि तो खोकत भिंतीकडं गेला तशी इयोहानं त्याला केसाला धरून भिंतीपासून दूर फेकला. भिंतीला कुणाचं अंग घासू द्यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ओकोसुन स्वतः उतरला तो थेट भिंतीवर पहार उगारून. उगवतीच्या भिंतीतला एक मोठा लपका त्यानं पाडलाही. पहार दुसऱ्यांदा वर गेली तेव्हा इयोहानं फावडं उलटं धरून त्याच्या जबड्यावर आणलं. लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. ओकोसुनचं खालचं तोंड एका कानाकडं निघून गेलं आणि तिथंच राहिलं.

वरचे तिघे उरले होते. एकानं काठावरून उडी मारायला गुडघे वाकवले, आणि ओडिगिएची बंदूक उडाली. छर्रे त्याच्या मांडीत आणि ढुंगणात बसले. घळ धुरानं भरली. उरलेल्या दोघांनी आपली माणसं ओढत बाहेर काढली आणि उगबेऱ्याच्या वाटेनं पळ काढला. ओडिगिए बसल्या बसल्या पुन्हा बंदूक ठासायला लागला होता. दारू अर्धी बाहेर सांडत होती.

इयोहानं सदरा फाडून पंजा आवळला. मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं मावळतीच्या भिंतीवरचं लिंपण खरवडून काढलं. एक, दोन, तीन. तिसरीच्या वर अजून एक होती, परवा त्याच्या नजरेतून सुटलेली. त्यानं खालच्या पावठीत पाय घातला. टाच बरोबर बसली.

"बघ," तो वर बघून म्हणाला.

"मला काय दावतोस," ओडिगिए म्हणाला. "मला जन्मापासनं ठावं हाय." बंदूक खाली ठेवत म्हणाला, "दोर म्या कापला न्हवता."

"व्हय."

"बाजारात विचारलं असतंस तर तवाच सांगितलं असतं."

इयोहा त्याच चार पावठ्यांवरून वर चढला. फावडं त्यानं ओडिगिएच्या हातात दिलं, काठावर बसला आणि उजवा पाय लांब करून एका ताडाच्या मुळावर ठेवला. बाई कपाळाचं रक्त पुसत होत्या. हे काय चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं तशा त्या ओरडत धावल्या.

"तुम्ही चित्र काढा बाई," इयोहा म्हणाला. "भिंत वाळाय लागलीया."

ओडिगिएला एका पायावर तोल धरता येईना. पहिला फटका नुसता मांडीला चाटून गेला आणि तो स्वतःच कोसळला. शिव्या देत उठला, चाळणीच्या तिवईला बगल टेकली आणि नीट माप घेतलं. दुसऱ्याला वाटी फुटली. तिसरा मारायचा बाकी होता, बाजारात तीन बसले होते, आणि त्यानं तोही मारला. इयोहानं दोन्ही हातांनी ताडाचं मूळ असं धरलं होतं, की सालीत तीन बोटांचे आणि पाच बोटांचे वळ उठले. ओरडला नाही म्हणून गाव सांगतं. बाई सांगतात, ओरडला.

पोलीस आले ते दुपार कलल्यावर. त्यांनी बंदूक जप्त केली, सगळ्यांची नावं लिहून घेतली, आणि इयोहाचा गुडघा कुणी फोडला म्हणून विचारलं. इयोहा म्हणाला, घसरून पडलो. तोवर बाईंचं चित्र झालं होतं. चित्रात मावळतीच्या भिंतीत तीनच पावठ्या होत्या. इयोहानं पडल्या पडल्या ते बघितलं आणि बाईंकडून चौथी काढवून घेतली.

घरी नेऊन टाकल्यावर त्यानं एसोहेला मातीत काय निघालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. वाशाचा दोर सोडला, चुलीत घातला, वर पाण्याचं भांडं ठेवलं, त्या पाण्यानं आंघोळ केली, आणि भावाच्या गावी निघून गेली. ती परत आली नाही, आणि त्यानं बोलावणंही धाडलं नाही.

कोर्टानं चर इदुनेकीला दिला, झाडं आणि उगवतीची वीस पावलंही. दोन्ही गावांपुढं बोकड कापून इयोहानं शपथ परत घेतली, म्हणजे तोंडात धरलेली माती थुंकून टाकली. ओडिगिए त्या दिवशी आला नव्हता. नंतरही त्या दोघांचं बोलणं झालं नाही. वाटेत समोरासमोर आले तर दोघंही उजव्या पायानं फरफटत, कुणी कुणाला वाट द्यायची यावर खोळंबून उभे राहायचे.

उगबेऱ्यात इयोहाला कुणी पाणी देईना. पण माणसं मरायची थांबत नाहीत, आणि दुसऱ्या कुणाच्या खड्ड्याच्या भिंती सरळ येत नाहीत. पुढच्या सुगीनंतर ओबोझुवा म्हातारबा गेला. गावच्या थोराला वाकडं थडगं कसं चालेल? दोन दिवस त्यांनी कळ काढली, प्रेताला वास यायला लागला, तेव्हा ओकोसुनला स्वतःला यावं लागलं. जबडा तसाच कानाकडं राहिलेला, बोललेलं कुणाला कळत नव्हतं. म्हणून त्यानं हातानंच खड्ड्याची खूण केली. इयोहा हो म्हणाला.

म्हातारबाचं घर थडग्याच्या जागेच्या उगवतीला, चार पावलांवर. गाव अंगणात जमलेलं. इयोहानं मोडका पाय लांब करून, बसून खणायला सुरुवात केली, आठ बोटांनी. पहिलं फावडं भरलं, आणि घराकडं न टाकता मावळतीला टाकलं, परक्या अंगाला. दुसरंही तिकडंच. ढोल वाजवणारा थांबला. ओकोसुन पुढं आला, त्यानं तोंड उघडलं आणि त्यातून लाळ गळली, शब्द निघाला नाही. बांध कुठल्या अंगाला होता हे ठाऊक असलेले जुने म्हातारे पाठीमागं उभे होते, त्यांतल्या एकानंही इयोहाला हटकलं नाही. ते जमिनीकडं बघत राहिले. इयोहा दिवस मावळेस्तोवर खणत होता, भिंती ओळंब्यात, आणि सगळी माती मावळतीला. उतरायच्या पावठ्याही त्यानं त्याच भिंतीत पाडल्या. चार.